फरशीपाशी चाळीस मिनिटे

चिटणीसबाईने साखरेची बरणी उचलून खिडकीत ठेवली, नकाशाची वळलेली कड तळहाताने सपाट केली आणि चौथ्या मार्गावर पेन्सिलीचे टोक टेकवले.

"काकू, एवढं एकच अडलंय. बंधाऱ्याच्या दारांपासून फरशीच्या पलीकडच्या टोकापर्यंत अंतर आहे सहाशे मीटर. आणि काकांनी वेळ लिहिलीय चाळीस मिनिटं."

"चार असतील. शून्य चुकून पडलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मागच्या वह्या काढल्या. अकरा वर्षं, प्रत्येक पानावर चाळीस. एकदा अडतीस, दोनदा बेचाळीस."

घड्याळकाकूंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. आकडा होता तसाच होता. चाळीस. नवऱ्याच्या सुबक अक्षरात. आयुष्यभर नकाशे काढून पोट भरलेल्या माणसाचे ते अक्षर. त्यात एक शून्य चुकून पडेल हे त्यांना बोलतानाही खरे वाटले नव्हते.

चिटणीसबाई पेशाने दातांची डॉक्टर. कोणाला काही विचारायचे झाले की तिचा आवाज आपोआप मऊ होई, झालंच आता, थोडंच राहिलंय, अशा बेताने. खाडीच्या तोंडाशी वसलेल्या त्या गावातल्या सायकल क्लबची ती दोन वर्षांपासून चिटणीस होती, आणि गावाभोवतालच्या सात मार्गांचे पुस्तक छापायचे तिने मनावर घेतले होते. सातही मार्ग काकांनी आखलेले. एक दीपगृहाचा, एक मिठागरांचा, एक जुन्या वीटभट्ट्यांवरून जाणारा, असे करत चौथा फरशीचा. फरशी म्हणजे खाडीच्या एका फाट्यावरचा बुटका दगडी रस्ता. दिवसातून दोनदा तो भरतीच्या पाण्याखाली जाई आणि पाणी उतरले की पुन्हा वर येई. काका गेल्या थंडीत वारले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन नावे यायची होती. मार्ग काकांचे, वेळा काकूंच्या.

घड्याळकाकू हे नाव त्यांना जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात पडले होते. तेहतीस वर्षे फाटकाजवळच्या खोलीत बसून कोण कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे त्यांनी लिहिले. निवृत्त झाल्यावर क्लबने त्यांच्या हाती वही दिली. शनिवारी आणि रविवारी सकाळी गावच्या पुलाशी घडीची खुर्ची टाकून त्या बसत. सायकलवाले निघाले की वेळ लिहीत, परतले की वेळ लिहीत. स्वतः त्या मार्गांवर कधी गेल्या नाहीत. त्यांची टोपलीवाली सायकल बाजारापुरती. मधल्या टप्प्यांच्या वेळा काका आपल्या वहीत टिपत, आणि ती वही घरी आली की काकू ती कपाटात लावून ठेवत.

"भरतीत अडकले असतील," चिटणीसबाई म्हणाली.

"अकरा वर्षं? दर खेपेला?" काकूंनी वही स्वतःकडे ओढली. "क्लबला भरतीचं कोष्टक कोणी करून दिलं? ह्यांनीच ना? तुम्ही सगळे ते बघून कोरडी फरशी गाठता, आणि कोष्टक काढणारा माणूस पाण्यात अडकेल?"

उत्तर आले ते स्वयंपाकघराच्या दारातून. तिथे स्टुलावर बसून नणंदबाई मटार सोलत होत्या. काकांची ही थोरली बहीण चार वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होती, आणि घरातले कोणतेही बोलणे आपल्यावाचून पुरे होत नाही अशी तिची समजूत होती.

"माझा भाऊ," नणंदबाई शेंग फोडत म्हणाल्या, "जेवायच्या खुर्चीवर सलग दहा मिनिटं बसला नाही. त्याला चाळीस मिनिटं एका जागी बसवणारी जी कोण असेल, तिचं नाव मला कळायलाच हवं. हात जोडेन मी तिला."

"आत्या, काहीतरीच तुमचं," चिटणीसबाई हसली.

काकू हसल्या नाहीत. चिटणीसबाईच्या ते लक्षात आले आणि तिने घाईघाईने पेन्सिल उचलली.

"काकू, मी चार लिहून टाकते. नाहीतर तो मार्गच गाळू. सहा काही कमी नाहीत."

"वेळांखाली माझं नाव येणार ना?"

"हो तर."

"मग जी वेळ मला ठाऊक नाही तिच्याखाली ते कसं घालू? छापायला कधी देतेस?"

"गुरुवारी सकाळी. तुम्ही बुधवारपर्यंत सांगा."

"सांगते," काकू म्हणाल्या, आणि साखरेची बरणी उचलून पुन्हा टेबलावर ठेवली.

काकांना क्लबात भिंगरीकाका म्हणत. पायाला भिंगरी लागलेली माणसे पुष्कळ असतात. काकांच्या तर अंगभर होती. बुड टेकले न टेकले तोच उठायचे. नळ गळतोय, खिडकी करकरतेय, सायकलच्या साखळीला तेल राहिलेय. बातम्या उभ्याने ऐकायचे, चहा चालत प्यायचे. अंथरुणातही तीच तऱ्हा. कूस बदलायची, उठून पाणी प्यायचे, परत आडवे व्हायचे. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांना गाढ झोपलेले काकूंनी पाहिले नव्हते. त्यांच्या तळमळीपायी काकूंच्याही डोळ्याला डोळा लागत नसे. आता घर शांत होते, पलंगाची दुसरी बाजू गार होती, आणि झोप तरीही येत नव्हती. उलट ती भिंगरी घरातच कुठेतरी पडून राहिली असावी आणि काकूंच्या पायाला लागली असावी, असे झाले होते. टीपॉयवरची मासिके त्या दिवसातून तीनदा रचत. निघालेला दोरा ओढत आणि शिवण उसवून बसत.

सोमवारी त्यांनी स्वतःच्या वह्या काढल्या. चौथा मार्ग, काका. शनिवार, निघाले साडेसहा, परतले नऊ वीस. रविवार, निघाले सात वीस, परतले दहा दहा. पुढच्या पानावर वेगळ्या वेळा होत्या, पण रविवारचा उशीरही तेवढाच आणि लागलेला वेळही तोच, दोन तास पन्नास मिनिटे. तेवढ्या अंतराला सव्वादोन तास पुरायला हवेत हे काकूंना दिसत असे. वय झालेय, असे धरून त्या कधी बोलल्या नव्हत्या. रविवारी निघायला उशीर का होतो, हे मात्र त्या पुलावर सगळ्यांना सांगत. "दुसरा चहा घेतल्याशिवाय रविवारी आमच्याकडे पाय उचलत नाही."

मंगळवारी त्यांनी नकाशा भिंगाखाली धरला. काकांच्या नकाशात प्रत्येक इमारतीचा एक चौकोन असे आणि प्रत्येक चौकोनावर नाव. शाळा. भट्टी. होड्यांचा कारखाना. बंधाऱ्याच्या दारांपाशीही एक लहानसा चौकोन होता. त्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

"काय सापडलं?" नणंदबाईंनी जेवताना विचारले.

"एक घर आहे तिथे. बिननावाचं."

नणंदबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. सोमवारपासून त्यांची थट्टा थोडी ओसरली होती. "अगं वहिनी, मी आपली जिभेला येईल ते बोलते. मनावर घेऊ नकोस. तो काही तसला नव्हता."

"मग कसला होता?"

नणंदबाईंनी भाताचा डाव पातेल्यात ठेवला. "उद्या जाणार असशील तर टायरमध्ये हवा मी भरून देते," त्या म्हणाल्या. "तुझा तो पंप माझंच ऐकतो."

बुधवारी नऊच्या सुमाराला काकू पुलावरून निघाल्या. हाताला घड्याळ, टोपलीत पाण्याची बाटली, दोन उकडलेली अंडी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चौथ्या मार्गाची वही. काकांनी मार्ग नुसते आखले नव्हते, ते शब्दांत लिहिले होते. *पुलावरून डावीकडे. होड्यांच्या कारखान्याची भिंत संपली की वारा उजव्या गालावर येतो. तिथे जोर लावू नये, पुढच्या वळणावर तोच पाठीशी येतो.* काकूंनी जोर लावला. वळणापर्यंत पोचता पोचता त्यांचा श्वास वर आला, आणि वळण घेतल्याबरोबर पाठीवर कोणीतरी हात ठेवावा तसे झाले. पायडल हलके झाले.

रस्ता खाडीच्या कडेने चालला होता. चिखलात होड्या एका कुशीवर कलंडून पडलेल्या, त्यांच्या दोऱ्यांना शेवाळ. पुढे मिठागरांचे चौकोन. *रस्ता इथे अरुंद. समोरून गाडी आली तर आपण थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.* काकूंनी एक पाय जमिनीवर टेकून ते वाक्य दोनदा वाचले. हे लिहिणारा माणूस बसच्या थांब्यावर थांबत नसे. बस येईपर्यंत पुढच्या थांब्याकडे चालत सुटे, आणि बस मधेच त्याला गाठून निघून जाई.

*आता चढ लागल्यासारखा वाटेल. चढ नाही, वारा आहे.*

काकूंना त्यांचा राग येऊ लागला. इतके सगळे बोलता येत होते या माणसाला. गालाला लागणारा वारा कळत होता. घरी बोलणे व्हायचे ते नळाच्या वायसरविषयी. हे असले बोलणे कोणाशी होत असेल? कोणाला सांगता सांगता हे शब्द असे गुळगुळीत झाले असतील? वीस किलोमीटर काही थोडे नव्हते. गुडघे बोलू लागले होते, पण थांबले तर पुन्हा निघवणार नाही अशी भीती वाटून त्या रेटत राहिल्या.

काकांना दारांपर्यंत एक तास दहा मिनिटे लागत. काकूंना दोन तास लागले. खाडीचे खारे पाणी आतल्या शेतांत शिरू नये म्हणून बांधलेला तो लांब बंधारा होता, त्याला सात लोखंडी दारे, दारांवर दातेरी चाके. बाजूला पत्र्याच्या छपराची एक खोली. नकाशातला चौकोन. तिच्या पुढे रस्ता उतरत जाऊन सरळ पाण्यात शिरला होता. फरशी कुठेच दिसत नव्हती. नुसते संथ, करडे पाणी, आणि त्यातून पलीकडच्या काठापर्यंत गेलेली पांढऱ्या खांबांची रांग, तीही टोकेच तेवढी वर असलेली.

चाकाला वंगण लावत असलेला एक माणूस मान न वळवता म्हणाला, "रस्ता पाण्यात आहे, बाई. अजून तासभर."

"मला पलीकडे जायचं नाही."

"मग अगदी वेळेवर आलात."

तो साठीचा, सुकलेल्या लाकडासारखा माणूस होता. दारे उघडणे आणि मिटणे हे त्याचे काम. काकूंनी सायकल भिंतीला लावली. खोलीच्या दारावर पडदा नव्हता, दोरीवर बायकी कपडे नव्हते, खिडकीत कुंडी नव्हती. त्यांनी हे सगळे एका नजरेत टिपले.

"इथे कोण कोण राहतं?"

"मी. आणि ते बगळे."

"बाईमाणूस?"

"होती बायको. तिला इथली ओल सोसेना, मुलीकडे गेली. महिन्यातून एकदा येते आणि मला नावं ठेवून जाते." आता त्याने मान वळवली. "कोणाला शोधताय?"

काकू बाटलीतले पाणी सावकाश प्यायल्या. "सायकलवाले येतात इकडे?"

"येतात की. कोष्टक बघून येतात, सुसाट जातात. तोंड उघडून दोन शब्द बोलत नाहीत, चिलटं जातील म्हणून असेल." तो हसला. "एक होते तेवढे निराळे. नेहमी चुकीच्या वेळेला यायचे."

"चुकीच्या?"

"चुकीच्या म्हणजे, पाणी असतानाच. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, काका, हे बघा कोष्टक, एवढं बघून निघत जा. तर म्हणाले, हे मीच काढलंय."

"मग काय करायचे इथे?"

"झोपायचे."

काकूंच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"तिथे," त्याने खोलीच्या आडोशाकडे वंगणाच्या फडक्याने दाखवले. भिंतीलगत एक रुंद फळी होती. "सायकल भिंतीला, हेल्मेट उशाला, आणि पाच मिनिटांत घोरायला सुरुवात."

"ते घोरत नाहीत," काकू म्हणाल्या.

"बाई, बगळे उडायचे."

वारा पाण्यावरून येऊन पत्रा वाजवून गेला. त्या माणसाने काकूंकडे नीट पाहिले, त्यांच्या मनगटाकडे पाहिले, आणि चाकावरचा हात काढला.

"तुम्ही त्यांच्या घरच्या."

"हो."

"म्हणजे घड्याळवाल्या वहिनी. नेहमी सांगायचे, आमच्याकडे घरातच घड्याळ आहे, चावी द्यावी लागत नाही." तो हसला आणि मग थांबला. "बरेच महिने झाले, आले नाहीत. गुडघे धरलेत का?"

"थंडीतच गेले."

त्याने फडके घेऊन हाताचे एकेक बोट पुसले. दहाही बोटे पुसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पुसली. मग आत जाऊन एक खुर्ची आणली आणि काकूंच्या मागे ठेवली. काकू बसल्या.

"घरी का नाही झोपायचे?" त्यांनी विचारले. प्रश्न त्या माणसाला होता की पाण्याला, हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

"आता ते मी काय सांगू, वहिनी."

"तुम्हाला सांगितलं असेल तर सांगा. मी वीस किलोमीटर आलेय."

तो दाराच्या कठड्यावर टेकला. "एकदा म्हणाले होते. म्हणाले, घरी ही जागी असते. मी कूस बदलली की विचारते, किती वाजले. माझ्यामुळे जागी आहे म्हटलं की मला झोप येत नाही. झोपल्याचं सोंग करतो, पण तिला ते कळतं."

काकूंनी मांडीवरच्या पिशवीचा कोपरा मुडपला आणि उलगडला.

किती वाजले. हो, त्या विचारत. पण वेळ त्यांना ठाऊकच असे. अंधारातही त्यांचा अंदाज पाच मिनिटांनी चुकत नसे. मीही जागी आहे, एकट्याने तळमळू नका, चहा टाकू का, एवढे सगळे त्यांना म्हणायचे असे, आणि तोंडातून निघायचे ते किती वाजले. फाटकाजवळच्या खोलीत तेहतीस वर्षे बसलेल्या बाईला दुसरे बोलणे सुचत नव्हते. ते झोपले की मी झोपेन म्हणून त्या जाग्या राहायच्या. ही झोपली की मी झोपेन म्हणून ते. सदतीस वर्षे एका पलंगावर दोन माणसे एकमेकांच्या झोपेची वाट पाहत पडून राहिली होती.

त्यांना हसू आले. ते आवरेना. खांदे हलू लागले तसा तो माणूस घाबरून उठला आणि पाणी आणू का विचारू लागला. काकूंनी हाताने नको म्हटले. रुमाल काढून त्यांनी चष्म्याच्या आत बोटे घातली.

"आणि इथे मात्र झोपायचे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. "गार फळीवर. उघड्यावर."

"दोन पोती असतात खाली," तो माणूस जरा दुखावून म्हणाला. "धुतलेली."

"मग उठवायचं कोण?"

"मी. चौथा खांब बुंध्यापर्यंत उघडा पडला की रस्ता मोकळा. मी हाक मारायचो. उठले की आधी वही काढायचे, माझ्या भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहायचे. मी एकदा थट्टा केली, म्हटलं झोपेची कसली नोंद करता, चार मिनिटं लिहा आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, हा कागद तिच्या हातात जातो. त्यावर खोटं नाही लिहिणार. तिने विचारलं तर सांगेन."

काकू पाण्याकडे पाहत राहिल्या. विचारलं तर. अकरा वर्षे ती वही दर आठवड्याला त्यांच्या हातात येत होती. पहिल्या पानावरची तारीख बघून त्या ती कपाटात उभी लावत होत्या.

आता पाणी हलू लागले होते. वरून कळत नव्हते, पण खांबांवर ओली काळी पट्टी रुंदावत चालली होती.

"शनिवारी साडेसहाला निघाले," काकू हळूच म्हणाल्या, "की रविवारी सात वीसला."

"तेच तर. भरती रोज पन्नास मिनिटं मागे सरते. त्याप्रमाणे निघायचे. मी म्हणायचो, काका, तुम्ही तर पाण्याचे नोकर."

खाडीच्या त्या गावात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होते. काकूंच्या स्वयंपाकघरात कोष्टक टांगलेले होते. आणि दर आठवड्याला पुलावर बसून, पाण्याची घटका न घटका आपल्या हाताने लिहून घेत, त्या लोकांना दुसऱ्या चहाची गोष्ट सांगत होत्या.

टोपलीतला फोन वाजला. चिटणीसबाई.

"काकू, आहात कुठे? आत्यांचे मला दोन फोन येऊन गेले. विचारतायत, ती बाई भेटली का."

"मी फरशीपाशी आहे."

"सायकलवर? एकट्या? अहो, थांबा तिथेच, मी दवाखाना बंद करून गाडी घेऊन येते."

"नको. तू पेन्सिल घे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, कागदांचा आवाज झाला. "घेतली. मग काय, चार करू का चाळीसचे?"

"चाळीसच राहतील. आणि वर निघायची वेळ घाल. लिही. फरशी उघडी पडण्याची वेळ कोष्टकात बघावी. त्याच्या एक तास पन्नास मिनिटं आधी पुलावरून निघावं."

चिटणीसबाई लिहिता लिहिता शब्द पुटपुटत होती. मग ती अडली. दातातली कीड सापडल्यावर बोलते तशा मऊ आवाजात ती म्हणाली, "काकू, थोडं चुकतंय का बघा हं. दारांपर्यंत एक तास दहा मिनिटं लागतात. म्हणजे माणूस चाळीस मिनिटं आधीच पोचणार."

"हो."

"पण तेव्हा समोर सगळं पाणी असेल."

"असेल."

"मग तो तिथे करील काय?"

काकूंनी मान वळवली. दारवाला माणूस फळीवरची पोती उचलून बंधाऱ्याच्या कठड्यावर झटकत होता, कोणी सांगितले नसताना. खाली पाण्यात पहिला खांब बुंध्यापर्यंत मोकळा झाला होता आणि त्याच्याभोवती फरशीचा एक ओला, शेवाळलेला दगड दिसू लागला होता. अजून तीन खांब बाकी होते.

"थांबेल," काकू म्हणाल्या. "छाप तू."